पहिल्या अंकाची घडी

शेजारच्या बाईंच्या तळघरात दर बुधवारी सकाळी चार-पाच म्हातारी माणसं जमायची. पहिल्या वर्षी मी ते फक्त खिडकीतून बघितलं. गाड्या येऊन थांबायच्या, माणसं काठी टेकत उतरायची आणि दोन-अडीच तासांनी पोस्टाच्या पांढऱ्या पेट्या गाडीत ठेवून निघून जायची. मला वाटलं, चर्चचं काहीतरी असेल. सून हसली.

"चर्चचं नाही, आई. ते मॅगझिन काढतात. राजकारणाचं, डाव्या विचारांचं. फार जुनं आहे म्हणे."

मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "आई, तू त्या बाजूला जाऊ नकोस हं. आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय."

मी कशाला जाते? अमेरिकेत, नोव्हाय गावात मुलाकडे मी दरवर्षी सहा महिने राहायला यायचे, त्यातले चार महिने बर्फ. देवळात जायचं, इंडियन ग्रोसरीत मेथी निवडून घ्यायची, घरी यायचं. चारचौघांत बसणं मला जमत नाही. आपल्याच मराठी मंडळात मी कोपऱ्यातली खुर्ची शोधते.

पण दुसऱ्या वर्षी शेजारच्या बाईंनी सुनेला दारात गाठलं. त्या नव्वदीच्या घरातल्या, ताठ, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. त्यांच्यातल्या एका बाईचं मनगट मोडलं होतं. अंकासोबत वाचकांना एक पत्र जातं, त्याच्या घड्या घालायला हात कमी पडत होते. तुझी सासू येईल का, असं त्यांनी विचारलं.

मी नको म्हणाले. मला इंग्रजी येत नाही.

"घडी घालायला इंग्रजी कशाला लागतं?" सून म्हणाली. "मी घरूनच काम करते, लॅपटॉप घेऊन तुमच्याजवळ बसीन."

मुलगा म्हणाला, "व्हिजिटर व्हिसावर काम करायचं नसतं, यार."

"हे काम नाही, शेजारधर्म आहे," सून म्हणाली. ती नागपूरची आहे. तिच्याशी वाद घालून मुलगा कधी जिंकलेला नाही.

आता घडीबद्दल सांगायला हवं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, कारण आई पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायची आणि तिला मदतीला कुणीतरी हवं होतं. छापखान्यातून मोठे कागद यायचे. त्यांना आम्ही फॉर्म म्हणायचो. एका कागदावर दोन्ही बाजू मिळून आठ नाहीतर सोळा पानं छापलेली असत, अर्धी सुलटी, अर्धी उलटी, आकडे पुढेमागे. घडी बरोबर पडली की सगळी पानं आपोआप ओळीने लागतात. बांबूच्या गुळगुळीत पट्टीने घडी दाबायची की पुढचा कागद. लग्न होईपर्यंत मी तेच केलं आणि लग्नानंतर घरी गठ्ठे आणूनही केलं. पाचवीच्या पुस्तकांच्या हजारो घड्या घातल्या, पाचवीत मात्र गेले नाही. मजकूर वाचायला वेळ नसायचा. आकडे तेवढे बघायचे.

तर त्या बुधवारी मी तळघरात लांब टेबलाच्या टोकाला बसले, डोळे खाली. पत्राच्या तीन घड्या घालायच्या होत्या. मी सुरू केलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की बाकीच्यांचे हात थांबलेत. शेजारच्या बाईंनी माझ्यासमोरचा ढीग बघितला, मग आपल्यासमोरचा, आणि काहीतरी म्हणाल्या. सगळे हसले.

"काय म्हणाल्या?" मी सुनेला विचारलं.

"म्हणाल्या, मालकाला हिचा वेग कळू देऊ नका, नाहीतर आपल्या सगळ्यांना हाकलून देईल."

त्यानंतर मी एकही बुधवार चुकवला नाही.

त्या मासिकाची गोष्ट मला घड्या घालता घालता कळली. शेजारच्या बाई सांगायच्या आणि सून कामाच्या मिटिंगमधून मोकळी असली की मराठीत करून द्यायची. मोटारींच्या कारखान्यातल्या कामगारांनी ते सुरू केलं. मग एक काळ असा आला की ते घरात सापडलं तरी नोकरी जायची. तेव्हा ते साध्या खाकी पाकिटातून जायचं, पाठवणाऱ्याचं नाव नसायचं आणि लोक दुसऱ्या वर्तमानपत्राच्या आत धरून वाचायचे. एका माणसाच्या जेवणाच्या डब्यात तो अंक सापडला आणि त्याला त्याच दुपारी फाटकाबाहेर काढलं. पुढे काळ्या कामगारांच्या प्रश्नावर मासिकातच भांडण झालं आणि अर्धी माणसं निघून गेली. मग लढाईच्या विरोधातली कॉलेजची पोरं आली, त्यांनी चर्चच्या स्वयंपाकघरात कचेरी थाटली. मग कारखाने बंद पडले आणि वाचक गावं सोडून गेले. तीनदा बंद पडलं, तीनदा पुन्हा निघालं. आता ते कॉम्प्युटरवर असतं आणि वर्षातून चारदा कागदावर निघतं; मधल्या बुधवारी नुसती वर्गणीची पत्रं जातात.

फुटीच्या गोष्टी ऐकताना मला आमच्या पेठेतली मंडळं आठवायची. एका गणपतीचे दोन होतात, पुढच्या वर्षी तीन, आणि प्रत्येक जण म्हणतो मूळचे आम्हीच.

मूळचे कोण, हाच वाद त्या तळघरातही होता. मासिकाचा खास अंक निघायचा होता आणि त्यात सगळा इतिहास येणार होता. तो लिहीत होते जुने संपादक. ते ऐंशीच्या आसपासचे, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं लावणारे सभ्य गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी मासिक सांभाळलं होतं. मी आले की ते उठून मला खुर्ची द्यायचे, त्यामुळे मला आणखीच अवघडायला व्हायचं. त्यांच्या इतिहासाची सुरुवात अशी होती की चार कामगार न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत बसले आणि त्यांनी पहिला अंक काढला. तो पहिला अंक काचेच्या चौकटीत जिन्याजवळ लावलेला होता.

शेजारच्या बाईंना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, पहिला अंक बायकांनी काढला. त्यांची आई कारखान्यात मोटारीच्या सीटची कव्हरं शिवायची. तिच्यासारख्या काही शिवणाऱ्या आणि काही कामगारांच्या बायका बाईंच्या घरच्या स्वयंपाकघरात बसून लिहायच्या. मुकादम अंगाला हात लावतो, लघवीला सोडत नाहीत, त्याच कामाला पुरुषापेक्षा कमी पगार मिळतो, असं सगळं त्यांनी लिहिलं. मासिकाचं नावही त्यांनीच ठरवलं. एका ओळखीच्या छापखानेवाल्याने रविवारी यंत्र चालवून ते छापून दिलं. पण घड्या घालायच्या आधीच कामगार संघटनेचे पुरुष आले. ते म्हणाले, संप तोंडावर आहे, आत्ता बायकांच्या तक्रारी काढल्या तर एकी मोडेल, जरा थांबा. बायका थांबल्या. दोन महिन्यांनी पुरुषांनी त्याच नावाने पहिला अंक काढला. छापलेला गठ्ठा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

या वादाचं एक बोलणं मला सुनेने शब्दाला शब्द सांगितलं होतं, आणि नंतर ते इतक्यांदा झालं की मला नुसत्या चेहऱ्यांवरून कळायचं.

जुने संपादक म्हणायचे, "तुझी आई त्या माणसांसाठी सूप करायची, हे मी आवर्जून लिहिलंय."

"सूप माझा बाप करायचा. आई लिहायची."

"कागद दाखव. एक कागद दाखव, मी पहिलं पान तुझ्या आईला देतो."

"मी स्वतः पाहिलंय."

"तू तेव्हा सहा वर्षांची होतीस."

"सहा वर्षांची होते. आंधळी नव्हते."

ते वाईट नव्हते. छापलेलं असल्याशिवाय एक ओळ घ्यायची नाही, हा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमावरच मासिक इतकी वर्षं टिकलं असं ते म्हणायचे. पण खास अंक एका शुक्रवारी छापायला जाणार होता, आणि एकदा तो गेला की बाईंची आई कायमची सूप करणारी ठरणार होती. त्या आठवड्यातल्या बुधवारी बाईंचं कामात लक्ष नव्हतं. त्यांच्या घड्या वाकड्या पडत होत्या.

त्याच बुधवारी जुन्या खोक्यांची निवडानिवड होती. चर्चमधल्या जुन्या कचेरीतून आलेली बरीच खोकी बाईंच्याकडे वर्षानुवर्षं पडून होती. चांगलं असेल ते एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला द्यायचं होतं आणि बाकीचं रिसायकलच्या निळ्या डब्यात टाकायचं होतं. जुने संपादक खोकं उघडायचे, बघायचे आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायचे. डावीकडे रद्दी.

एका खोक्यातून त्यांनी सुतळीने बांधलेला मोठ्या कागदांचा गठ्ठा काढला. वरच्या कागदाकडे एक नजर टाकली आणि डावीकडे ठेवला. मी पत्रांच्या घड्या घालत होते. गठ्ठा माझ्या पायाशी आला. कडा ओल लागून पिवळ्या पडलेल्या आणि चिकटलेल्या होत्या. वरच्या कागदावर चार पानं छापलेली होती, खाली दोन सुलटी, वर दोन उलटी. इंग्रजी आकडे मला येतात. खाली दोन आणि सात होते. वर, उलटे, तीन आणि सहा.

दोन आणि सात नऊ. तीन आणि सहा नऊ. कारखान्यात पहिल्या दिवशी आईने हेच शिकवलं होतं. शेजारच्या दोन पानांची बेरीज सारखी आली की फॉर्म खरा आहे, आठ पानांचा असेल तर नऊ. म्हणजे हा आठ पानांचा होता आणि घडी न घातलेला होता. आणि एक नंबरचं पान, ज्यावर नाव असतं ते, कागदाच्या पाठीमागे होतं. कुणी उलटून पाहिलंच नव्हतं.

मी सुनेकडे बघितलं. तिच्या कानात हेडफोन होते, मिटिंग चालू होती. मी तिची बाही ओढली. तिने एक बोट वर केलं. "आई, दोन मिनिटं."

जुने संपादक रद्दी उचलायला आले. त्यांनी तो गठ्ठा हातात घेतला.

"नो," मी म्हणाले.

त्या तळघरात तोपर्यंत मी हॅलो आणि थँक्यू सोडून काही बोलले नव्हते. ते थांबले आणि नम्रपणे हसले. त्यांना वाटलं, वजन आहे म्हणून मी काळजीने म्हणते आहे. ते काहीतरी गोड बोलले आणि डब्याकडे वळले. मी उठून गठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवले. आम्ही दोघं तो गठ्ठा धरून उभे होतो. माझे कान तापले होते. पण हात मी काढले नाहीत, आणि शेवटी त्यांनी सोडला.

समजावून सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते, म्हणून मी सांगितलंच नाही. सुतळी सोडली. वरचे कागद एकमेकांना चिकटले होते, म्हणून मधल्यातला एक धड कागद अलगद सोडवला आणि टेबलावर पसरला. वरचा अर्धा भाग खाली आणला आणि कडेला कड मिळवली. मग उजवी बाजू डावीकडे. पट्टी नव्हती, म्हणून चमच्याच्या दांड्याने घडी दाबली. कागद जुना होता, पण फाटला नाही. चांगला कागद होता तो. केकसाठी ठेवलेली सुरी घेऊन वरची जोडलेली कड कापली आणि तो उलटा करून बाईंच्या समोर ठेवला.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मासिकाचं नाव होतं. जिन्याजवळच्या चौकटीतलंच नाव, फक्त अक्षरं वेगळी. आणि खाली आकडा, एक.

बाईंनी हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे बायकांच्या नावांची यादी होती. त्यांचं बोट तिसऱ्या नावावर होतं. ते तिथून हललं नाही.

सून हेडफोन काढून धावत आली. "आई, तुम्ही काय केलंत?"

"घडी घातली," मी म्हणाले.

जुने संपादक एवढ्यावर मानणारे नव्हते. ते म्हणाले, हा आपल्याच पहिल्या अंकाचा छापखान्यातला नमुना असू शकतो. यावर तारीख नाही. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांच्या जागी मी असते तर घरी गेले असते. ते गेले नाहीत. त्यांनी जिन्याजवळची चौकट काढून आणली, दोन्ही अंक शेजारी ठेवले आणि खुर्ची ओढून बसले. एकेक पान वाचायला लागले. आम्ही उभे. कॉफी निवून गेली.

पाचव्या पानावर ते थांबले. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि सुनेने मला सांगितलं. येत्या सोमवारी संपाची सभा आहे, बायकांनी मुलांना घेऊन यावं, असं तिथे लिहिलं होतं. मग त्यांनी चौकटीतल्या अंकावर बोट ठेवलं. त्यात त्याच सभेची हकिकत होती. सभा झाली, हॉल भरला, असं.

म्हणजे बायकांचा अंक आधीचा.

त्यांनी सुतळी सुटलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "हा गठ्ठा मी तीस वर्षांत तीन वेळा इकडून तिकडे हलवलाय. अर्धी पानं उलटी दिसली म्हणून छापखान्याची रद्दी समजलो."

"पानं सरळ होती," शेजारच्या बाई म्हणाल्या. "तू उलटा उभा होतास."

पहिल्यांदा तेच हसले. मग त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि सॉरी म्हणाले. तेवढं मला भाषांतराशिवाय कळलं. बाई म्हणाल्या, सॉरी ठेव, आधी पहिलं पान बदल.

नंतर त्यांनी सुनेमार्फत मला विचारलं की मी ओळखलं कसं. मी दोन आणि सात, तीन आणि सहा सांगितलं. त्यांनी खिशातलं पेन काढून ते लिहून घेतलं. एक आणि आठची बेरीज स्वतः करून बघितली, चार आणि पाचचीही केली, आणि मान हलवत राहिले.

त्या संध्याकाळी मुलाला सगळं सुनेने सांगितलं, तेही हातवारे करून. मी पोळ्या लाटत होते.

"म्हणजे माझी आई आता लेफ्टवाल्यांची हिस्ट्री बदलणार," तो म्हणाला. "नाव वगैरे नाही ना छापणार?"

"नाही. मीच नको म्हणाले," मी म्हणाले.

त्याने लॅपटॉप मिटला. मग त्याने विचारलं, "एक आणि आठ का येतं एका बाजूला?" मी पेपर टॉवेलचा चौकोन घेऊन त्याला घडी घालून दाखवली. इंजिनिअर आहे, पण त्याला दोनदा दाखवावं लागलं.

अंक शुक्रवारी गेला नाही. जुन्या संपादकांनी छापखान्याला फोन करून मुदत मागून घेतली आणि इतिहासाची सुरुवात नव्याने लिहिली. सुनेने मला ती मराठीत वाचून दाखवली. पहिलं वाक्य असं होतं की हे मासिक एका स्वयंपाकघरात, सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी सुरू केलं. पुढे यादीतल्या अकराही जणींची नावं होती, पूर्ण. चार पुरुष दुसऱ्या परिच्छेदात गेले होते. तेही नावानिशी होते, कारण बाईंनी आग्रह धरला. त्या म्हणाल्या, आपण कुणाला पुसायचं नाही.

आणि त्यांनी ठरवलं की बायकांचा अंक जसाच्या तसा पुन्हा छापून खास अंकासोबत पाठवायचा. मशीनने घडी घालून मिळत होती, पण बाईंना ती नको होती. ती घडी त्या बायकांच्या हातून राहिली होती, म्हणून ती हातानेच घालायची, असं त्यांचं म्हणणं. मग एका बुधवारी तळघरात इतकी माणसं आली की खुर्च्या आमच्या घरातून न्याव्या लागल्या. मोडलेलं मनगट बरं झालेल्या बाईही आल्या. सुनेने सुट्टी टाकली होती.

त्या दिवशी मला उभं राहून शिकवावं लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी कागदाकडे बघत होते, म्हणून जमलं. वरचा खाली, उजवा डावीकडे, दाबा. सून इंग्रजीत सांगत होती, पण थोड्या वेळाने तिची गरज उरली नाही. जुन्या संपादकांची घडी तिरकी पडत होती. मी त्यांच्या हातातून कागद घेतला, उलगडला आणि परत दिला. "अगेन," मी म्हणाले. त्यांनी निमूट पुन्हा घातली. तीही तिरकी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, याला पाकिटं चिकटवायला बसवा. तसं बसवलं.

दुपारपर्यंत ढीग टेबलाबाहेर गेले. बाई एकेक अंक पाकिटात घालताना त्याचं शेवटचं पान एकदा उघडून बघायच्या. कुणी त्यांना घाई केली नाही. शेवटची पेटी भरली तेव्हा जुने संपादक कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले की पोस्टात ते स्वतः जाणार. बाई म्हणाल्या, नाही, मी जाणार. मग दोघंही निघाले. पेट्या मी आणि सुनेने त्यांच्या गाडीत नेऊन ठेवल्या. बाई पुढच्या सीटवर बसल्या, एक पेटी त्यांनी मागे ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी बाहेर थंडीत उभ्या होतो.

अंक निघाला होता.